आडनावाचं मूळ कसं शोधायचं? (आणि कुठे घसरायला होतं)

मोडीवाचक

"अमुक आडनावाचा अर्थ काय?" असे धागे इथे सारखे निघतात. प्रतिसादांत मग कोणी संस्कृत धातू काढतो, कोणी राजघराणं काढतो, आणि विचारणारा त्यातला सगळ्यात भारदस्त अर्थ घेऊन घरी जातो. म्हणून एकेका आडनावाऐवजी शोधायच्या रीतीवरच हा धागा काढतोय. सुरुवात ‘-कर’पासून करू, कारण ते सगळ्यांना सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

गावाचं नाव अधिक ‘कर’, इथवर ठीक. पण ही ओळख बहुधा गाव सोडल्यावर चिकटते. पेडण्यात राहणाऱ्याला पेडणेकर म्हणून कोणाला काय कळणार? तो दुसऱ्या गावी गेला की मग ‘हा पेडण्याचा’. म्हणजे आडनाव सांगतं ते घर कुठून निघालं ते. अपवाद वतनदारांचा आणि संस्थानिकांचा. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, आणि राज्य मिळाल्यावर त्यांना इंदूरकरही म्हणू लागले. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले.

आता उलटं जाताना. ‘कर’ काढून जे उरतं तेच गावाचं नाव असेल असं नाही. पेडणे, परुळे, पुणे यांचा ‘ए’ टिकतो. गोवाचं गोवेकर होताना ‘आ’चा ‘ए’ होतो, पण सातारकरमध्ये तोच ‘आ’ गळून जातो. डिचोलीचे डिचोलकर, साखळीचे साखळकर, मंगेशीचे मंगेशकर, इथे ‘ई’ गळते. म्हणून ‘कर’ काढल्यावर उरलेल्या शब्दाला आ, ई, ए असे तिन्ही लावून पाहायचे आणि मगच गावांची यादी उघडायची. नकाशात ‘साखळ’ शोधत बसलात तर काही मिळणार नाही.

दुसरी अडचण एकाच नावाच्या अनेक गावांची. तळेगावकर म्हटलं की मावळातलं तळेगाव दाभाडे, शिरूरचं तळेगाव ढमढेरे, संगमनेरचं तळेगाव दिघे, अमरावतीचं तळेगाव दशासर, सगळी रांगेत उभी राहतात. गंमत अशी की दाभाडे आणि ढमढेरे इथे आडनावावरून गाव ओळखलं जातं, गावावरून आडनाव नव्हे.

फडावरची शाई

धागा उत्तम. पदांवरून आलेल्या आडनावांची भर घालतो.

गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे. पहिला अंमल पाहणारा, दुसरा लिहिणारा. ‘पाटील’चं जुनं रूप ‘पट्टकिल’ ताम्रपटांत सापडतं. कुलकर्णीमधल्या ‘कर्णी’चा कानाशी किंवा महाभारतातल्या कर्णाशी काडीचा संबंध नाही. करण, करणिक म्हणजे लेखनिक. तोच तुकडा नाडकर्णीत आहे, आणि तिथला ‘नाड’ म्हणजे कानडी ‘नाडु’, प्रदेश. देशपांडेतला ‘पांडे’ही हिशेब लिहिणाराच, वऱ्हाडात गावच्या कुलकर्ण्याला पांड्या म्हणत.

मग येते फारसी ‘नवीस’ची रांग. नवीस म्हणजे लिहिणारा, मराठीत झिजून ‘नीस’. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, खबरा लिहिणारा वाकनीस (मूळ वाकिया-नवीस). पोतनीस खजिन्याकडचा. पोतदार वेगळा, तो नाणी पारखणारा. या दोघांची गल्लत फार होते. शिवकालातल्या गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि कागद, कारखानिसाकडे धान्य-दारूगोळ्याचे कोठार. चारही आज आडनावं आहेत.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावं संस्कृत केली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. दरबारात बदल झाला, पण आडनावांनी तो मानला नाही. मुजुमदार आजही मुजुमदारच आहेत, वाकनीस वाकनीसच. एकदा नाव घराला चिकटलं की मूळ पदाचं पुढे काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं राहत नाही. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, कुलकर्णी आडनाव कुठे गेलं?

अनुस्वार

फडणवीसबद्दल लिहिले नाही? ‘फड’ म्हणजे कचेरी, तिथे लिहिणारा तो फडणवीस, असे सर्रास सांगतात.

फडावरची शाई

मुद्दाम टाळलं होतं, कारण त्यावर मारामारी होते. :) माझं मत ‘फर्द-नवीस’च्या बाजूचं. फर्द म्हणजे सुटा कागद, यादी. त्यातला ‘र’ मराठी तोंडात पडला आणि ‘फड’ हा ओळखीचा शब्द तिथे येऊन बसला. फडणविसाचं काम हिशेब आणि नोंदींचं होतं, ते यादी लिहिण्याशी नीट जुळतं. पण ‘फड’ शब्दही कचेरीच्या अर्थाने मराठीत जुना आहे, त्यामुळे दुसरी बाजू वेडगळ म्हणता येणार नाही.

मोडीवाचक

फडणवीस निघालंच आहे तर एक महत्त्वाचं सांगतो. नाना फडणवीसांचं घराणं भानू, गाव वेळास. पेशव्यांचं मूळ आडनाव भट, श्रीवर्धनचे. बुंदेलखंडात कारभार पाहणारे गोविंदपंत बुंदेले मूळचे खेर. रास्ते मूळचे गोखले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचं घराणं मूळचं सिद्धये, देशमुखी वतनामुळे देशमुख झालं. जोतीराव फुल्यांचं घराणं कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे फुले. बाबासाहेबांचं कुळ सकपाळ, गाव आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं गेलं तिथे आंबेडकर.

म्हणजे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या अचल असतं हे गृहीतकच चूक आहे. तीन पिढ्यांत तीन आडनावं सापडली तर कागद खोटा आहे असं समजू नका. बहुतेक वेळा घर तेच असतं, लिहिणारा बदललेला असतो.

खाडीकाठ

आडनावावरून जात ओळखणाऱ्यांसाठी दोन ओळी. पाटील मराठा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत, मुसलमान सगळ्यांत आहेत, कारण पाटीलकी हे काम आहे. जोशी देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे तिघांत आहेत, कारण ज्योतिष हेही काम आहे.

आणि रायगडातल्या गावांवरची आडनावं पाहताना बेने इस्राईल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) विसरू नका. रोहेकर, अष्टमकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, किहीमवरून केहिमकर, ही त्यांची आडनावं. रोहा आणि अष्टमी तर कुंडलिकेच्या दोन काठांवर समोरासमोर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ‘शनवार तेली’ ही त्यांची गावातली ओळख. नुसतं ‘दिवेकर’ पाहून काही कळत नाही, ते हिंदूंतही आहे. तिथे पहिल्या नावाकडे पाहावं लागतं. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर मराठी वळणाने समाजी हसाजी दिवेकर होते. हिब्रू नाव, त्याला ‘जी’, मागे कोकणातलं गाव. कागदात ‘हसाजी’ दिसलं की पुष्कळ जण ‘हसणे’ वरून काहीतरी जुळवतात. तो इझिकिएल असतो.

सासष्टीकार

गोव्यात ही सगळी रीत अर्धीच चालते.

ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी आलं, बहुधा पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं. भाऊ-भाऊ वेगळ्या दिवशी, वेगळ्या धर्मपित्याकडून बाप्तिस्मा घेते झाले तर आडनावं वेगळी. उलट, ज्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही अशी दहा घरं एकाच पाद्रीमुळे एका आडनावाची. त्यामुळे दोन डिसूझा एका कुळाचे असतीलच असं नाही, आणि एक डिसूझा व एक फर्नांडिस सख्ख्या भावांचे वंशज असू शकतात. पोर्तुगीज अर्थ शोधून गोव्यातल्या घराबद्दल काही कळत नाही, कळतं ते पोर्तुगालबद्दल.

तरी अर्थ सांगून टाकतो, कारण विचारणारे थांबत नाहीत. शेवटचा ‘एस’ म्हणजे ‘चा मुलगा’: फर्नांदोचा फर्नांडिस, रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस. स्पॅनिशमधला ‘एझ’ तोच. परेरा म्हणजे नासपतीसारख्या पेरचं झाड, कार्व्हालो ओक, सिल्वा रान, रिबेरो ओढा. लोबो म्हणजे लांडगा. आपले लांडगे आणि त्यांचे लोबो, माणसं सगळीकडे सारखीच नावं ठेवतात.

शोधायचं असेल तर क्रम असा: आधी गाव, मग त्या गावची गावकारी (गावची सामाईक जमीन सांभाळणारी मूळ घरांची संस्था, पोर्तुगीज काळातली कोमुनिदाद), मग तिच्यातला वांगड, म्हणजे गावकऱ्यांचं मूळ कुळ. वांगड हाती लागला की बाप्तिस्म्याआधीचं प्रभू, कामत, नायक, शेणवी वगैरे सापडायची शक्यता असते. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आडनावावरून चाळू नका, गाव आणि वाड्यावरून चाळा.

नवखी_लेखणी

केळुसकर आणि केळशीकर एकच का? दोन्हीकडे केळी असणार असं वाटतं.

मोडीवाचक

केळ्यांच्या मागे नका लागू. केळूस वेंगुर्ल्याजवळ आहे, त्यावरून केळुसकर. केळशी दापोलीकडे आहे. गोव्यातही सासष्टीत केळशी आहे, आणि शांतादुर्गा तिथूनच सोळाव्या शतकात कवळ्याला आली. ‘उ’ असेल तर वेंगुर्ले. ‘ई’ असेल तर दोन गावं उरतात, आणि तिथे कुलदैवत विचारायचं. शांतादुर्गा निघाली तर गोव्याकडे पाहा. आडनावापेक्षा कुलदैवत क्वचितच बदलतं, म्हणून दिशा दाखवायला ते जास्त भरवशाचं.

अनुस्वार

‘केळुसकर’ ऱ्हस्व आणि ‘नेरूरकर’ दीर्घ, हे कसे?

मोडीवाचक

आडनावाला शुद्धलेखनाचे नियम लागत नाहीत, घर लिहितं तसं. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतोच. जुन्या कागदातून ‘मूळ दीर्घ होतं’ असं सिद्ध करता येत नाही, तो वाद तिथेच सोडावा.

आता कागदांचा क्रम लिहितो, बऱ्याच जणांनी विचारलाय.

१. घरातला सगळ्यात जुना छापील किंवा लिहिलेला कागद: शाळेचा दाखला, फेरफार, खरेदीखत. त्यावरचं स्पेलिंग आणि गाव जसंच्या तसं उतरवा. ‘सुधारून’ लिहू नका.

२. कुलदैवत, देवक किंवा गोत्र, आणि लग्नसंबंध कुठल्या गावांशी झाले ते. सोयरिकी बहुधा दिवसाच्या वाटेवरच्या असत, त्यामुळे सारख्या नावाच्या चार गावांतून एक निवडायला त्यांचा उपयोग होतो.

३. तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थाला आलेल्या घराण्यांची नोंद वह्यांत ठेवणारे पुरोहित. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया. त्यांच्या वह्या आडनाव आणि गाव अशा दोन्हींवर लावलेल्या असतात. नुसतं आडनाव सांगितलं की काही मिळत नाही आणि लोक वैतागून परततात. गाव सांगावंच लागतं, आणि तेही सध्याचं नव्हे, मूळ.

४. मोडी दप्तर. इथे नवशिके तीन जागी हमखास घसरतात.

पहिली जागा: ‘बिन’ आणि ‘वलद’. दोन्ही अरबी, अर्थ ‘चा मुलगा’. ‘तुकोजी बिन मालोजी पाटील’ म्हणजे मालोजीचा मुलगा तुकोजी. यावरून घराणं मुसलमान होतं असा निष्कर्ष काढणारे सापडतात. मराठा आणि इतर अनेक घराण्यांच्या कागदांत हा ‘बिन’ नेहमीचा आहे. आणि ‘मोकदम’ हे आडनाव समजू नका, तिथे तो पाटलासाठीचा शब्द असतो.

दुसरी: शब्द तोडणं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. गावाचं नाव आणि पुढच्या माणसाचं नाव एकत्र वाचून एक नवंच आडनाव जन्माला येतं. एक शब्द दोनदा तरी दुसऱ्या ठिकाणी सापडल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरी: सन. कागदावर बहुधा शुहूर सन (मराठेशाहीच्या दप्तरात चालणारा, मृगापासून सुरू होणारा सन) असतो, तोही अरबी अंकांच्या नावांनी आणि एककापासून उलटा. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ६ + ७० + १०० + १००० = ११७६. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. म्हणजे १७७५-७६. सबा (७) आणि सबैन (७०) यांची अदलाबदल केली की अख्खी पिढी हलते. हिजरी सन समजून तक्त्यात पाहिलंत तर तेरा-चौदा वर्षांची चूक येते, कारण हिजरी चांद्र आणि शुहूर सौर.

दूरदेशी

हे वाचताना जाणवलं की आपल्याकडे आडनाव हळूहळू मुरत गेलं, तर पुष्कळ देशांत ते एका हुकमाने आलं. तिथे मूळ शोधायची रीत पूर्ण वेगळी.

तुर्कस्तानात १९३४चा आडनाव कायदा. सगळ्यांनी आडनाव घ्यायचंच, आणि पद, हुद्दा, जमात किंवा परकीय वंश दाखवणारं नाव चालणार नाही. आपल्याकडे तो कायदा असता तर देशमुख, कुलकर्णी, सुभेदार, इनामदार सगळे बाद! तिथे आडनावावरून १९३४च्या मागे जाताच येत नाही.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने १८४९मध्ये आडनावांची छापील यादी काढून प्रांतोप्रांती वाटली. कारण साधं होतं: सगळेच ‘सांतोस’ आणि ‘दे ला क्रूझ’, करवसुली कोणाकडून करायची? काही गावांना यादीतलं एकच पान मिळालं. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणूनच ‘आर’वरून सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी आहे. स्पॅनिश आडनाव पाहून स्पॅनिश पूर्वज गृहीत धरण्याची चूक तिथेही होते, सासष्टीकारांनी सांगितलेल्या गोव्यासारखीच.

थायलंड १९१३. प्रत्येक घराण्याचं आडनाव वेगळं असलंच पाहिजे असा नियम, म्हणून ती लांबलचक. राजा सहावा राम याने स्वतः सहा हजारांहून जास्त आडनावं दिली, बरीचशी पाली-संस्कृत. माजी पंतप्रधान अभिसित यांचं ‘वेज्जाजीव’ घ्या: वेज्ज म्हणजे वैद्य, आजीव म्हणजे उपजीविका. आपल्या वैद्य आडनावाचा हा थाई चुलतभाऊ. दोन थाई माणसांचं आडनाव एकच निघालं तर बहुधा नातं असतं. पाटलांच्या बाबतीत हे म्हणून पाहा.

आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनावच नाही. योनचा मुलगा ओलाफुर म्हणजे ओलाफुर योनसॉन, आणि त्याची मुलगी आन्ना ओलाफ्सदोत्तिर. एका घरात चार ‘आडनावं’. नवीन कुलनावं घ्यायला १९२५पासून बंदी आहे, आणि टेलिफोनच्या यादीत माणसं पहिल्या नावाने लावलेली असतात. आपल्या ‘बाळाजी विश्वनाथ’ला तिथे कोणी ‘आडनाव काय?’ असं विचारलं नसतं.

खाडीकाठ

पहिल्या नावांवरही थोडं. दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी या नावांचा अर्थ काढून हसणारे पुष्कळ. मुलं जगत नसत तेव्हा ‘याच्यात घेण्यासारखं काही नाही’ असं नियतीला दाखवायला ठेवलेली ती नावं. चीनमध्येही याच हिशेबाने ‘कुत्र्याने टाकलेलं’ अशा अर्थाचं घरगुती नाव ठेवत. ‘नकुशी’ मात्र या रांगेत बसवू नका. ते पोर जगावं म्हणून ठेवलेलं नाही, मुलगी नको होती हे सांगणारं आहे. साताऱ्यात २०११मध्ये प्रशासनाने अशा मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम घेतला तो त्यामुळेच.

अनुस्वार

व्यवहाराचे एक. परदेशी अर्जात ‘आडनाव’ आणि ‘दिलेले नाव’ असे दोनच रकाने असतात. वडिलांचे नाव ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःच्या नावापुढे लिहावे, आणि पासपोर्ट, व्हिसा, तिकीट तिन्हीकडे तेच ठेवावे. तामिळ पद्धतीची आद्याक्षरे असतील तर पासपोर्ट काढतानाच ती विस्तारून लिहावीत. एक रकाना रिकामा राहिला तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिले नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरे येतात आणि पुढे बँकेपासून परवान्यापर्यंत तेच नाव होऊन बसते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी व नंतर जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदांवर क्रम असा: स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव.

फडावरची शाई

म्हणजे शंभर वर्षांनी मोडीवाचकांच्या जागी बसणाऱ्याला ‘बिन’बरोबर आईकडूनही माग काढता येईल. वतनाच्या कागदांत बायकांची नावं बहुतेक करून विधवा झाल्यावर किंवा दत्तक घेताना तेवढी येतात.

नवखी_लेखणी

कुलदैवत विचारलं. शांतादुर्गा, कवळे. आडनाव केळशीकर.

मोडीवाचक

मग दापोली सोडा. सासष्टीतल्या केळशीच्या गावकारीपासून सुरुवात करा, आणि वांगडासाठी सासष्टीकारांना गाठा.